चित्रपटाचा वर्धापनदिन आणि कलावंताची जयंती: आधी तारीख, मग प्रत, मग पाहुणे

जुन्या चित्रपटाला 50 किंवा 75 वर्षं होतात, एखाद्या नटाची जन्मशताब्दी येते आणि कुणीतरी उत्साहाने कार्यक्रम ठरवतं. मग हॉल घेतला जातो, पाहुणे ठरतात, फलक छापले जातात आणि सगळ्यात शेवटी कुणीतरी विचारतं, "पण चित्रपट कुठून आणायचा?" इथेच बहुतेक कार्यक्रम फसतात. तारीख चुकलेली असते, आकडा चुकलेला असतो आणि पडद्यावर येते ती इंटरनेटवरून उतरवलेली, चेहरे आडवे ताणलेली, शेवट कापलेली प्रत. ज्या कलावंताचा मान राखायचा, त्याचंच काम आपण विद्रूप करून दाखवतो.

खाली दिलेला क्रम मोडू नका. प्रत्येक टप्पा आधीच्या टप्प्यावर उभा आहे. मोठ्या पडद्यावर खेळ करायचा असेल तर चार महिने हाताशी ठेवा. घरगुती गटासाठी दोन आठवडे पुरतात, पण टप्पे तेच.

1. कोणता दिवस साजरा करताय ते ठरवा

चित्रपटाला जन्मतारीख एक नसते. खास निमंत्रितांसमोरचा पहिला खेळ, तिकीट काढून लोकांनी पाहिलेला पहिला खेळ आणि सगळीकडे झालेलं प्रदर्शन या तीन वेगळ्या तारखा असू शकतात. 'राजा हरिश्चंद्र' 21 एप्रिल 1913 रोजी मुंबईत निमंत्रितांना दाखवला गेला आणि 3 मे 1913 पासून लोकांसाठी खुला झाला. 'पथेर पांचाली' न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टमध्ये 3 मे 1955 रोजी दाखवला गेला, कलकत्त्यात लागला तो 26 ऑगस्ट 1955 रोजी. 'कासाब्लांका'ची गंमत याहून मोठी. न्यूयॉर्कमध्ये पहिला खेळ 26 नोव्हेंबर 1942, सर्वत्र प्रदर्शन 23 जानेवारी 1943. त्यामुळे काही याद्यांत तो 1942 चा आहे, काहींत 1943 चा, आणि दोन्ही याद्या आपापल्या जागी बरोबर आहेत.

माझं मत स्पष्ट आहे: लोकांनी तिकीट काढून पाहिला तो दिवस धरा. निमंत्रितांचा खेळ धरायचा असेल तर तसं लिहा, "पहिल्या खेळाला इतकी वर्षं" असं. कुठलीही तारीख घ्या, पण ती कशाची आहे हे पत्रिकेत एका ओळीत सांगा. अर्धे वाद तिथेच मिटतात.

सगळ्यात जास्त घोळ सेन्सॉर प्रमाणपत्रामुळे होतो. चित्रपटाच्या सुरुवातीला दिसणारी तारीख ही प्रमाणपत्राची असते, प्रदर्शनाची नव्हे. डिसेंबरात प्रमाणपत्र मिळालेला चित्रपट जानेवारीत लागला की पूर्ण वर्षाचा फरक पडतो.

तपासा: त्या काळच्या वर्तमानपत्रातली चित्रपटाची जाहिरात शोधा. "आजपासून" असं छापलेली जाहिरात हा सगळ्यात भक्कम पुरावा. ती मिळाली नाही तर एकमेकांवरून न उतरवलेले दोन स्वतंत्र लेखी आधार तरी हवेत. दहा संकेतस्थळांवर एकच तारीख असली तरी ती बहुधा एकाच ठिकाणाहून पसरलेली असते.

तपासा: तारखेचा वार काढा. भारतात नवे चित्रपट बऱ्याच काळापासून मुख्यतः शुक्रवारी लागतात. 'मुघल-ए-आझम'ची 5 ऑगस्ट 1960 आणि 'शोले'ची 15 ऑगस्ट 1975, दोन्ही शुक्रवार. वार मंगळवार निघाला तर तारीख चुकीचीच असं नाही, पण पुन्हा शोधायला हवं.

2. वर्षं नीट मोजा आणि शब्द नीट वापरा

इथली चूक मी स्वतः केलेली आहे. एका ज्येष्ठ अभिनेत्रीच्या सत्काराचा फलक आम्ही "75 वा वाढदिवस" असा लावला. त्यांची 74 वर्षं पूर्ण होऊन 75 वं सुरू होत होतं. त्या फलकासमोर थांबल्या, वाचला आणि म्हणाल्या, "अजून एक वर्ष आहे हो माझ्याकडे." पुढचा तासभर मला त्यांच्याकडे पाहवेना.

हिशेब असा. गुरुदत्त यांचा जन्म 9 जुलै 1925 चा. 9 जुलै 2024 रोजी 99 वर्षं पूर्ण होऊन शंभरावं सुरू झालं, म्हणजे जन्मशताब्दी वर्षाला प्रारंभ झाला. 9 जुलै 2025 रोजी 100 वर्षं पूर्ण झाली, म्हणजे शताब्दीची सांगता. दोन्ही दिवस साजरे करण्यासारखे आहेत, पण "प्रारंभ" आणि "पूर्ती" हे शब्द अदलाबदल करून चालत नाहीत. चित्रपटालाही हाच नियम. 15 ऑगस्ट 2025 रोजी 'शोले'ला 50 वर्षं पूर्ण झाली. "पन्नासाव्या वर्षात पदार्पण" हे त्याआधी वर्षभर, 15 ऑगस्ट 2024 रोजी.

शब्दांचंही तसंच. हयात कलावंताचा वाढदिवस, दिवंगत कलावंताची जयंती किंवा जन्मदिन, निधनाच्या तारखेला स्मृतिदिन. दिवंगत कलावंताला "वाढदिवसाच्या शुभेच्छा" देणारा फलक दरवर्षी कुठे ना कुठे दिसतोच.

रौप्यमहोत्सव आणि सुवर्णमहोत्सव या शब्दांना चित्रपटसृष्टीत दुहेरी अर्थ आहे. जुन्या जाहिरातीतला "रौप्यमहोत्सव" म्हणजे 25 आठवडे, 25 वर्षं नव्हेत. प्रभातचा 'संत तुकाराम' 1936 च्या डिसेंबरात लागला आणि मुंबईत एकाच चित्रगृहात वर्षाहून जास्त चालला. आठवड्यांच्या हिशेबाने त्याचा सुवर्णमहोत्सव 1937 सालीच झाला, वर्षांच्या हिशेबाने 1986 साली. म्हणून जुनं कात्रण वाचून आकडा उचलताना आठवडे की वर्षं हे आधी बघा. आणि 60 वर्षांना हीरकमहोत्सव, 75 ला अमृतमहोत्सव. इंग्रजीत 75 लाही डायमंड ज्युबिली म्हणतात, त्यामुळे भाषांतरित बातमीवरून शब्द घेऊ नका, वर्षं मोजा.

3. कलावंताची जन्मतारीख तपासा, आणि त्या दिवशी आणखी काय येतं तेही

जुन्या काळच्या नटनट्यांची जन्मवर्षं एकदोन वर्षांनी इकडेतिकडे असणं नेहमीचं. आत्मचरित्र, घरच्यांनी दिलेली माहिती आणि निधनाच्या वेळची बातमी समोरासमोर ठेवा. मेळ बसत नसेल तर वर्ष न छापता फक्त दिवस आणि महिना छापा. "शताब्दी" मात्र वर्षाची खात्री असल्याशिवाय जाहीर करू नका.

काही तारखा मुळातच अवघड असतात. फ्रेंच अभिनेत्री मिशेल मॉर्गन हिचा जन्म 29 फेब्रुवारी 1920 चा. लीप वर्ष नसेल तर 28 फेब्रुवारी धरायची की 1 मार्च, हे आधीच ठरवून सगळीकडे तेच लिहा. रशियन दिग्दर्शक सर्गेई आयझेनस्टाइन यांचा जन्म त्या वेळच्या रशियन दिनदर्शिकेनुसार 10 जानेवारी 1898 चा, आजच्या दिनदर्शिकेनुसार 22 जानेवारीचा. दोन पुस्तकांत दोन तारखा दिसल्या म्हणून एक चूक ठरत नाही.

आता सगळ्यात नाजूक भाग. अशोक कुमार यांचा जन्मदिवस 13 ऑक्टोबर, आणि 1987 साली त्याच तारखेला त्यांचे धाकटे भाऊ किशोर कुमार गेले. अभिनेत्री इन्ग्रिड बर्गमन 29 ऑगस्ट 1915 रोजी जन्मली आणि 1982 साली 29 ऑगस्टलाच वारली. अशा दिवशी निव्वळ जल्लोषाचा कार्यक्रम बेसूर वाटतो. निवेदनाचा सूर, संगीत, फलकावरचे शब्द यांचा विचार वेगळा करावा लागतो.

तपासा: ठरलेल्या तारखेला त्या चित्रपटाशी संबंधित कुणाचा स्मृतिदिन आहे का? नायक, नायिका, दिग्दर्शक, संगीतकार, गीतकार आणि मुख्य गायक, एवढी नावं तरी पडताळा.

4. कोणती आवृत्ती दाखवायची ते आधी ठरवा

एकाच चित्रपटाच्या अनेक आवृत्त्या फिरत असतात आणि त्यांत फरक मिनिटांचा नसतो, आशयाचा असतो. 'शोले'चं मूळ चित्रित केलेलं शेवटचं दृश्य सेन्सॉरमुळे बदललं गेलं. प्रदर्शित आवृत्तीत पोलीस मध्ये पडतात, मूळ शेवटात ठाकूर गब्बरला मारतो. 2025 साली पुनरुज्जीवित झालेल्या प्रतीत मूळ शेवट आहे. 'मुघल-ए-आझम' 1960 साली बहुतांश कृष्णधवल होता, काही रिळं रंगीत होती. संपूर्ण रंगीत केलेली आवृत्ती 2004 साली आली. 'मेट्रोपोलिस' हा जर्मन मूकपट 1927 सालच्या पहिल्या खेळानंतर कापला गेला आणि दशकानुदशकं तुटक स्वरूपातच पाहिला गेला. 2008 साली ब्युनोस आयरेसमध्ये खूप मोठी प्रत सापडली आणि तिच्या आधारे 2010 ची आवृत्ती तयार झाली.

वर्धापनदिनाला मी प्रदर्शनाच्या दिवशी लोकांनी पाहिलं त्याच्या सगळ्यात जवळची आवृत्ती निवडेन. आपण त्या दिवसाची आठवण काढतो आहोत, तर त्या दिवशी पडद्यावर काय होतं तेच दिसायला हवं. दिग्दर्शकाची मूळ इच्छा पूर्ण करणारी आवृत्ती उपलब्ध असेल तर तीही दाखवण्याजोगी आहे, फक्त प्रास्ताविकात फरक सांगा. नंतर रंगवलेली आवृत्ती मात्र टाळा. कॅमेरामनने प्रकाश आणि सावली कृष्णधवल फिल्मसाठी बेतलेली असते.

5. हक्कांची परवानगी

दुकानातून घेतलेली डीव्हीडी आणि ओटीटीचं सदस्यत्व ही घरी पाहण्याची परवानगी आहे. हॉलमध्ये लोकांना दाखवायला हक्कधारकाची लेखी परवानगी लागते, प्रवेश विनामूल्य असला तरी. जुना चित्रपट म्हणजे हक्कमुक्त, हा समज सगळ्यात महागात पडतो. मुदत देशागणिक वेगळी असते: भारतात चित्रपटाचा हक्क प्रकाशनानंतर 60 वर्षं टिकतो, अमेरिकेत जुन्या चित्रपटांना बहुधा 95 वर्षं. शिवाय कथेचे आणि संगीताचे हक्क वेगळ्या माणसांकडे असू शकतात. मूकपटाला नव्याने दिलेलं पार्श्वसंगीत असेल, तर मूळ चित्रपट हक्कमुक्त झाला तरी त्या संगीताला हक्क असतो.

परवानगीच्या पत्रात तारीख, वेळ, जागा, खेळांची संख्या आणि आसनसंख्या लिहून घ्या. "चालेल, दाखवा" असं फोनवर मिळालेलं उत्तर परवानगी धरू नका.

इशारा: या टप्प्याला सहा ते आठ आठवडे लागू शकतात. निर्माता हयात नसेल आणि हक्क वारसांत वाटले गेले असतील तर त्याहून जास्त. परवानगी हातात येईपर्यंत पत्रिका छापायला टाकू नका.

6. प्रत मिळवा आणि पूर्ण पाहा

प्रत हक्कधारकाकडून घ्या, नाहीतर चित्रपट संग्रहालयाकडून. पुण्याचं राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय 1964 पासून हे काम करतं, आणि जगभरच्या संग्रहालयांची फियाफ ही संघटना 1938 पासूनची आहे. संग्रहालयाला नेमकं विचारा: कोणती आवृत्ती, किती मिनिटं, कोणत्या स्वरूपात, सबटायटल आहेत का.

चित्रगृहात खेळ असेल तर बहुधा हार्ड डिस्कवर डीसीपी, म्हणजे चित्रगृहासाठीची डिजिटल प्रत येते, आणि ती उघडायला केडीएम नावाची डिजिटल चावी लागू शकते. ही चावी ठरावीक सर्व्हरसाठी आणि ठरावीक वेळेपुरतीच असते. ऐनवेळी खेळ शेजारच्या पडद्यावर हलवला तर ती चालत नाही. चावी मागतानाच चाचणीचा दिवस त्यात धरायला सांगा आणि सुरू होण्याची वेळ कोणत्या देशाच्या घड्याळाने दिली आहे ते विचारा. परदेशातून आलेली चावी संध्याकाळी सहाच्या खेळाला रात्री साडेदहाला उघडली तर ऑपरेटरच्या हातात काही नसतं.

डिस्क किंवा फाइल हाती आली की एकट्याने बसून पहिल्या पाटीपासून शेवटच्या पाटीपर्यंत पूर्ण पाहा. सुरुवातीची पाच मिनिटं पाहून "ठीक आहे" म्हणणं ही चाचणी नव्हे. पाहताना एवढं बघा:

चित्राचं प्रमाण. बोलपटांच्या पहिल्या वीसेक वर्षांतले चित्रपट साधारण 1.37 ला 1 या प्रमाणाचे. पडद्यावरचं चित्र 3 मीटर उंच असेल तर रुंदी साधारण 4.1 मीटर यायला हवी आणि दोन्ही बाजूंना काळी जागा राहायला हवी. सिनेमास्कोप, म्हणजे खूप रुंद चित्राची पद्धत, 1953 पासूनची. तिथे 3 मीटरला 7 मीटर रुंदी. काळी जागा पाहून कुणीतरी रिमोट घेऊन चित्र ताणतं. ते थांबवा. टांग्याचं चाक, घड्याळ किंवा तबकडी समोरून दिसते असं एखादं दृश्य शोधून तिथे चित्र थांबवा आणि मोजपट्टीने उभं-आडवं मोजा. चाक गोल असेल तर चेहरेही बरोबर असतील.

वेग. मूकपट बऱ्याचदा सेकंदाला 16 ते 22 चौकटींनी (फ्रेमनी) चित्रित झाले, बोलपट 24 ने. 35 मिमीचं 1000 फुटांचं रीळ 16 च्या वेगाने 16 मिनिटं 40 सेकंद चालतं, 24 च्या वेगाने 11 मिनिटं 7 सेकंदांत संपतं. मूकपटातली माणसं तुरुतुरु धावतात ती बहुतेक वेळा याचमुळे. पॅल नावाच्या टीव्ही पद्धतीच्या डीव्हीडीत 24 च्या जागी 25 चौकटी धावतात. 150 मिनिटांचा चित्रपट 144 मिनिटांत संपतो आणि गाण्याची पट्टी अर्ध्या स्वरापेक्षा थोडी कमी, पण चढतेच. गायिकेच्या जयंतीला तिचाच आवाज चढ्या पट्टीत ऐकवणं मला तरी सहन होत नाही. हक्कधारकाने किंवा संग्रहालयाने कळवलेली मिनिटं आणि प्रतीतली मिनिटं जुळवली की हा दोष लगेच सापडतो.

प्रोजेक्टरच्या सेटिंग. हालचाल गुळगुळीत करणारी सोय बंद करा. तिच्यामुळे जुना चित्रपट मालिकेसारखा दिसतो. रंग "व्हिव्हिड"वर असतील तर सिनेमाच्या सेटिंगवर आणा.

मध्यंतर. आपल्याकडच्या चित्रपटांत मध्यंतर दिग्दर्शकाने ठरवलेल्या जागी असतं, पण डिजिटल प्रतीत ती पाटी अनेकदा कापलेली असते. ती जागा मिनिट-सेकंदासकट लिहून ऑपरेटरला द्या. नाहीतर गाण्याच्या मध्यातच दिवे लागतात.

आवाज. जुन्या चित्रपटांचा आवाज बहुधा एकाच वाहिनीचा, म्हणजे मोनो. कृत्रिम घुमारा देणाऱ्या सगळ्या सोयी बंद करा. रिकाम्या हॉलमध्ये ठरवलेला आवाज भरल्या हॉलमध्ये कमी वाटतो, त्यामुळे खेळाला किंचित वर ठेवा.

इशारा: जुनी रिळं हाती लागली तर ती घरच्या प्रोजेक्टरवर चढवू नका. 1950 च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंतची 35 मिमी फिल्म नायट्रेटची असू शकते. ती झटकन पेट घेते आणि पाण्याखालीही जळत राहते. त्यानंतरच्या रिळाच्या डब्यातून व्हिनेगरसारखा आंबट वास आला तर फिल्म खराब होऊ लागली आहे. दोन्ही वेळी डबे उष्णतेपासून दूर ठेवून चित्रपट संग्रहालयाला कळवा.

7. वेळेचा हिशेब मांडा, मगच हॉल घ्या

चित्रपट 140 मिनिटांचा असेल तर प्रास्ताविक 10, मध्यंतर 15, नंतरच्या गप्पा 30, आधीची जुळवाजुळव 60. झाली 255 मिनिटं. आवराआवर धरून साडेचार तासांखाली हॉल घेऊ नका. तीन तास घेतलेल्या कार्यक्रमांत दरवेळी शेवटचा प्रसंग कापला जातो किंवा गप्पा.

चित्रपटाआधीची भाषणं दहा मिनिटांत संपायला हवीत. जे सांगायचं ते चित्रपटानंतर सांगा. लोकांनी नुकतंच पाहिलेलं असतं, मुद्दा पटकन पोचतो आणि शेवटही फुटत नाही. वक्त्याला आपण दाखवणार ती आवृत्ती आधी पाहायला द्या. नाहीतर तो आपल्या आठवणीतल्या, आता प्रतीत नसलेल्या दृश्यावर बोलत राहतो.

8. पाहुणे: कलावंत हयात असतील तेव्हा

तारीख आणि वयाचा उल्लेख चालेल का, हे त्यांनाच विचारा, सचिवाला नव्हे. पायऱ्या किती, बसायची जागा कुठे, दिव्यांचा झोत डोळ्यांवर येतो का, हे स्वतः जाऊन बघा. पूर्ण चित्रपट पाहायचा आग्रह नको. आपल्या तरुणपणीच्या चेहऱ्यासमोर, गेलेल्या सहकाऱ्यांसमोर तीन तास बसणं सोपं नसतं. शेवटच्या वीस मिनिटांना आत यायची सोय ठेवा. "तो संवाद एकदा म्हणा ना" ही मागणी आधी विचारल्याशिवाय मंचावरून कधीच करू नका.

आणि फक्त नायक-नायिका बोलावू नका. संकलक, ध्वनिमुद्रक, रंगभूषाकार, सहायक कॅमेरामन यांच्यापैकी कुणी हयात असेल तर शोधा. चित्रपट कसा घडला ते त्यांनी जवळून पाहिलेलं असतं आणि त्यांना विचारायला सहसा कुणी जात नाही.

9. फलक, पत्रिका आणि पोस्ट

नावं चित्रपटाच्या श्रेयनामावलीतून, पडद्यावर थांबवून उतरवा. छायाचित्र त्याच चित्रपटातलं आहे का ते वेशभूषा आणि केशरचनेवरून प्रतीशी जुळवा. एकाच जोडीच्या दुसऱ्याच चित्रपटातलं छायाचित्र फलकावर येणं ही नेहमीची चूक. संगणकाने रंगवलेली किंवा एआयने बनवलेली चित्रं वापरू नका. चेहरा थोडा जरी बदलला तरी तो त्या माणसाचा राहत नाही.

तपासा: छपाईआधी ज्याने मजकूर लिहिलेला नाही अशा एकाने तारीख, आकडा आणि प्रत्येक नाव मोठ्याने वाचावं.

10. खेळाचा दिवस आणि नंतर

दोन तास आधी पोचा. पहिलं दृश्य, मध्यंतराची जागा आणि शेवटची दहा मिनिटं त्याच प्रोजेक्टरवर, त्याच पडद्यावर चालवून बघा. श्रेयनामावली पूर्ण होईपर्यंत दिवे लावू नका, असं ऑपरेटरला लेखी द्या.

खेळानंतर डिस्क ठरल्या मुदतीत परत करा, सर्व्हरवरची प्रत काढून टाकली का ते विचारा आणि एका कार्डावर नोंद करा: कोणती तारीख कशाच्या आधारे धरली, कोणती आवृत्ती, किती मिनिटं, कुणाची परवानगी, मध्यंतर किती मिनिटांवर, प्रतीत कुठे दोष आढळला. वर्तमानपत्रातल्या जाहिरातीची छायाप्रत त्याच कार्डाला टाचून ठेवा.